ठिबक संचात दाब आणि प्रवाह दोन्ही मोजा
(तेल्हारा येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपला तालुका पाण्याच्या बाबतीत दोन तऱ्हेचा आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोडे पाणी, पण बोअर दरवर्षी खोल चाललेले. दक्षिणेला पूर्णेकडे खारपाणपट्टा. तिथे विहिरीला पाणी लागले तरी पिकाला देववत नाही. म्हणून हाती असलेले पाणी झाडापर्यंत किती पोचते हे मोजून पाहणे आपल्याला टाळता येणार नाही.

मागे एका संत्रा बागेत मला बोलावणे आले. फळगळ सुरू होती, पाने मलूल. बागायतदार म्हणाले, "बोअरलेच पानी कमी झालं साहेब, आनखीन शंभर फूट मारतो म्हन्तो." पंपाजवळच्या दाबमापकाचा काटा १.८ किलोवर होता. दाब भरपूर आहे, असे त्यांचे म्हणणे. मीही क्षणभर फसलो. मग वाळूच्या गाळणीच्या पुढच्या बाजूला मापक लावून पाहिला, तर काटा फक्त ०.६ वर! म्हणजे १.२ किलो दाब गाळणीच खात होती. गाळणीतून उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुतली. त्यानंतर गाळणीच्या आधी १.४ व नंतर १.१ असा दाब आला. पंपाजवळचा काटा उतरला आणि झाडाचे पाणी वाढले. अडथळा असला की मागचा काटा चढतो, हे ध्यानात ठेवा. नुसता दाब पाहून पाणी किती जाते ते कळत नाही.

दाबमापकात पितळेची वाकवलेली चपटी नळी असते. जत्रेतली गुंडाळलेली कागदी पुंगी फुंकताच सरळ होते, तशी ही नळी पाण्याच्या दाबाने किंचित सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. फ्रान्समध्ये बूर्दाँ यांनी १८४९ साली तिचे पेटंट घेतले. आजही बहुतेक पंपांवर तीच आहे. काट्याचा एक किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, अर्थात सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. वावर पंपापेक्षा ३ मीटर चढावर असेल तर ०.३ किलो चढण्यातच जातो. पंप बंद असताना काटा शून्यावर येत नसेल, तर त्या मापकावर विसंबू नका.

प्रवाह मोजायला फक्त मोजपात्र आणि घड्याळ पुरते. ताशी ४ लिटरच्या तोटीखाली भांडे ठेवा. तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. साध्या तोटीचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एक किलोला २०० मिलिलिटर मिळत असेल तर अर्ध्या किलोला साधारण १४०, आणि पाव किलोला १०० मिळते. दाब-नियंत्रित तोटी मात्र ठरलेल्या मर्यादेत सारखेच पाणी देते, तिला हा हिशेब लागू नाही. मघाच्या बागेत शेवटच्या झाडाखाली आधी १३० मिलिलिटर मिळत होते. गाळणी धुतल्यावर १८० मिळाले. बोअर खोल करण्याचा बेत रद्द झाला.

आता दोन्ही मोजमापे शेजारी ठेवा. उपनळीच्या टोकाला दाब कमी आणि तिथल्या सगळ्याच तोट्यांचे पाणी कमी, तर दोष मागे आहे: गाळणी, फुटकी नळी किंवा पंप. दाब ठीक पण काही तोट्यांचे पाणी कमी, तर त्या तोट्यांत क्षार किंवा शेवाळ बसले आहे. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्यात हे फार होते. तोटीच्या तोंडाशी पाणी सुकते आणि पांढरा थर मागे राहतो. अशा वेळी पंप मोठा घेणे म्हणजे पैसा वाया.

दुसरी चूक वाढीव लागवडीची. त्याच पंपावर आणखी एक एकर जोडला जातो आणि टोकाची झाडे उपाशी राहतात. आधी पंपाचा प्रवाह मोजा. २०० लिटरचा ड्रम ५० सेकंदांत भरला तर सेकंदाला ४ लिटर, म्हणजे ताशी १४,४०० लिटर. एका वेळी ४ लिटरच्या ३,६०० तोट्या, त्याहून जास्त नाही. पण मोकळ्या पाइपाने ड्रम भरला तर आकडा फसवा येतो. झडप हळूहळू आवळून काटा संच चालतानाच्या दाबावर आणावा आणि मगच ड्रमखाली घड्याळ लावावे.

गाळणीच्या दोन्ही बाजूंना मापक कायम बसवून घ्या. वाळू धुतलेली असताना दोन काट्यांत किती फरक आहे तो पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. तो अर्ध्या किलोने वाढला की पुन्हा धुवा. वाण नदीचे गढूळ पाणी असेल तेव्हा रोज पाहावे लागेल. तोट्या तपासताना चालू गटाचीच झडप उघडी ठेवा आणि उपनळीची पहिली, मधली व शेवटची तोटी मोजा.