पहिला नंबर



२००३ साली शिकायला क्योटोला गेले, तेव्हा सुरुवातीला एका जपानी कुटुंबात राहिले. पाहुणी म्हणून अंघोळीचा पहिला मान माझा. अंघोळ झाल्यावर आपण बादली उपडी करतो, तसं मी टबातलं पाणी सोडून दिलं! तिथे अंग बाहेर धुऊन मग टबात बसतात. तेच गरम पाणी घरातल्या सगळ्यांसाठी असतं. बाहेर आजोबा टॉवेल घेऊन उभे होते. ओकासान, म्हणजे त्या घरच्या आई, काही बोलल्या नाहीत. त्यांनी टब पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशीही पहिला नंबर मलाच दिला.

आपल्या शाळेच्या मुली आता शिकायला पुण्यात येतात. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. तुमच्याकडेही असेल, तर जेवणाआधी माझ्याकडे नाव द्या.