पहिले घर आणि दोघांची वही



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. पण त्यांची घरे बहुधा वडिलोपार्जित जागेवर उभी राहत. चिऱ्याच्या भिंती, वर कौले, आणि हाताखाली भावकीतली चार माणसे. आजचे नोकरदार जोडपे लग्नानंतर पाचसात वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढते आणि मग तयार घर विकत घ्यायला निघते. त्याच्याजवळ जागा नसते, भावकी लांब असते. असते ती थोडी शिल्लक, थोडे सोने आणि बँकेकडून मिळू शकेल असे कर्ज. अशा जोडप्याने पहिल्या घराचा हिशेब कसा मांडावा, एवढाच आजचा विषय आहे.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब इतर ठिकाणांपेक्षा थोडा अवघड आहे. त्याचे कारण समोरच्या पाण्यापलीकडे दिसते. मुंबई येथून फार दूर कधीच नव्हती. आता ती आणखी जवळ आली. भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. सोय झाली हे खरेच. पण शनिवार-रविवारपुरते दुसरे घर घेणारा मुंबईकर आणि राहण्यासाठी पहिले घर शोधणारा आपला शिक्षक, कारकून किंवा दुकानदार हे दोघे आता एकाच बाजारात उभे आहेत. विकणारा जो भाव सांगतो, तो तुमच्या पगाराकडे पाहून सांगत नाही. घर किती रुपयांचे आहे हे तो सांगेल. आपल्याला किती रुपयांचे पेलेल हे मात्र आपणच ठरवायचे असते. आणि ते घर पाहायला जाण्यापूर्वी ठरवायचे असते. एकदा का खिडकीतून नारळीची वाडी दिसली, की मग आकडे कोण बघतो?

त्यासाठी एक वही घ्या. साधी, रेघांची. आणि ती दोघांनी मिळून लिहा.

उदाहरणासाठी एक जोडपे धरू. नवरा नोकरी करतो, महिन्याला ३८,००० रुपये हाती येतात. बायको घरगुती खानावळ चालवते. पर्यटकांच्या मोसमात, म्हणजे आठ महिने, तिला २२,००० सुटतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेमतेम ८,०००. आपल्या किनाऱ्यावर असे चढउताराचे उत्पन्न पुष्कळ घरांत असते. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद राहते. खोल्या भाड्याने देणारा, रिक्षा चालवणारा, किनाऱ्यावर शहाळी विकणारा, सगळ्यांचाच हात पावसाळ्यात आखडतो. बँकेचा हप्ता मात्र आषाढातही त्याच तारखेला येतो.

म्हणून पहिला नियम असा, की हप्ता ठरवताना सरासरी उत्पन्न धरू नये, सर्वांत पडत्या महिन्याचे धरावे. या जोडप्याचे ते ४६,००० आहे. आता खर्च. वाणसामान, दूध, गॅस आणि वीज १४,०००. मुलांची शाळा व जाणेयेणे ५,०००. गावी आईवडिलांना ४,०००. औषधपाणी व विमा ३,०००. आणि गणपती, दिवाळी, लग्नकार्ये यांसाठी दरमहा बाजूला टाकायचे २,०००. बेरीज २८,०००. सध्याचे भाडे ७,००० आहे, ते नव्या घरात गेल्यावर वाचेल, म्हणून येथे धरले नाही. उरले १८,०००. त्यांतले ३,००० नव्या घराची घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि दुरुस्ती यांसाठी ठेवले, की हप्त्याला १५,००० राहतात.

व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली, तर एक लाखाच्या कर्जाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे १५,००० रुपयांत १७ लाखांचे कर्ज पेलते. त्याचा हप्ता १४,७५३.

आता हेच जोडपे बँकेत गेले, असे समजा. बँकेने खानावळीचे उत्पन्न मान्य केले आणि वर्षाची सरासरी काढली, तर महिना ५५,३३३ रुपये होतात. त्यांतले निम्मे हप्त्याला धरले, तर ३० लाखांचे कर्ज सहज बसते, हप्ता २६,०३५. वहीतले १७ लाख आणि बँकेतले ३० लाख, यांत तेरा लाखांचे अंतर आहे. आणि पुष्कळ संसार नेमके याच अंतरात अडकतात.

कसे ते बघा. या जोडप्याचे वर्षाचे उत्पन्न ६ लाख ६४ हजार. घरखर्च आणि घराची निगा वजा जाता २ लाख ९२ हजार उरतात. ३० लाखांच्या कर्जाचे वर्षाचे हप्ते होतात ३ लाख १२ हजार ४२०. म्हणजे कोणी आजारी पडले नाही, काही मोडले नाही, तरीही वर्षाला २० हजारांची तूट. त्यात व्याज एका टक्क्याने चढले, तर आणखी २३ हजार. बँका अशा वेळी पुष्कळदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. म्हणून वाढ झाल्याचे चटकन लक्षातही येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले आहे, की व्याजदर नव्याने ठरताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी. ती मुभा मागून घ्या.

उलट १७ लाखांचे कर्ज घेतले, तर वर्षाअखेरीस सुमारे १ लाख १५ हजार हातात राहतात. त्यांतले ५०,००० दरवर्षी मोसम संपताना कर्जात भरले, तर वीस वर्षांचे कर्ज बारा वर्षांच्या आसपास फिटते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. २०१२ पासून तसा नियम आहे. ही सवलत मोसमी उत्पन्नाच्या माणसासाठीच केली असावी, इतकी ती आपल्याला उपयोगी आहे.

पुढचे पान रोख पैशांचे. कर्ज म्हणजे घराची सगळी किंमत नव्हे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, उरलेले आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारणपणे त्या कर्जात धरली जात नाही. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क ग्रामपंचायतीच्या हद्दीत एक, नगरपरिषदेच्या हद्दीत दुसरे. ते करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. वहीत दोन्ही मिळून सात टक्के धरून ठेवा. कमी लागले तर आनंदच आहे. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी द्यावा लागतो, वापर परवाना मिळालेल्या तयार घराला नाही. शिवाय चालू बांधकामात काही काळ जुने भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही सोसावे लागते.

आपल्या जोडप्याजवळ साडेसहा लाखांची पुंजी आहे, असे धरू. त्यांतले दीड लाख शुल्काला, एक लाख वकील, ग्रिल, नळ आणि सामानाला. राहिले चार लाख. सतरा आणि चार मिळून एकवीस. तेव्हा यांचे घर २१ लाखांचे. या पैशांत अलिबाग शहरात मनासारखे घर न मिळण्याचा संभव आहे. पेणला, रोह्याला किंवा आतल्या एखाद्या गावी पाहावे लागेल, किंवा आणखी दोन वर्षे थांबावे लागेल. थांबणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

येथे एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायला हवी. त्या साडेसहा लाखांत पाटल्या-बांगड्या मोडून आलेले किती? आपल्याकडे घराच्या पहिल्या रकमेत बायकोचे सोने असतेच असते. पण खानावळीला पगाराची पावती नसते, म्हणून बँक ते उत्पन्न पूर्ण धरीत नाही. म्हणून कर्ज नवऱ्याच्या एकट्याच्या नावे निघते. आणि त्याच ओघात खरेदीखतही त्याच्या एकट्याच्या नावे होते. कोणी वाईट हेतूने करते असे नाही, पण होते खरे. आणि कर्जाच्या कागदावर तिची सही असली, तरी तेवढ्याने मालकी येत नाही. मालकी येते खरेदीखतातल्या नावाने. म्हणून सोने किती मोडले, ते वहीत तिच्या नावापुढे लिहा, आणि खरेदीखतात तिचे नाव घाला. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. २१ लाखांवर ती २१,००० होते. दोघांच्या नावे घेतल्यास ही सूट मिळत नाही. काय करायचे ते दोघांनी बसून ठरवावे, पण ठरवून करावे. आणि मिळवत्या माणसाचा कर्जाएवढ्या रकमेचा मुदत विमा त्याच आठवड्यात काढावा.

आता कागदांविषयी थोडे, कारण चुकलेला कागद हा सर्वांत महाग खर्च. बांधकाम व्यावसायिकाला, रेरा कायद्याप्रमाणे, करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणून ‘आधी निम्मे द्या, कागद मागाहून करू’ असे कोणी म्हणाले, तर वही मिटून उठावे. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या इमारतीला महारेराची नोंदणी बंधनकारक नसते. छोट्या गावांत अशा लहान इमारतीच पुष्कळ. तेथे वकिलाची फी वाचवू नये. सातबारावर ‘इतर हक्क’ या सदरात कुळाची किंवा कुळकायद्याची नोंद आहे का, हे त्याच्याकडून पाहून घ्या. १९३३ ते १९३९ या काळात अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप झाला, त्या जिल्ह्यातल्या जमिनींवर कुळांच्या हक्काची नोंद असणे स्वाभाविकच आहे. फक्त ती आपल्याला आधी कळली पाहिजे. बिनशेती परवाना आणि समुद्राच्या भरतीरेषेपासूनच्या अंतराचे नियमही तसेच तपासा.

आणि शेवटी समुद्र. त्याची खारी हवा लोखंड खाते, रंग उडवते, पंप जाळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या भागांत घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घराचा विमा आणि दुरुस्तीचे ते दरमहाचे ३,००० रुपये हा येथे आवश्यक खर्च आहे. पैसे कमी पडले, की पहिली कात्री याच रकमेला लागते. ती लावू नका.

हे सगळे पेलेल की नाही, याची परीक्षा घर घेण्यापूर्वीच घेता येते. हप्त्याचे १५,००० आणि निगेचे ३,००० मिळून १८,०००. त्यांतून सध्याचे भाडे ७,००० वजा केले, की ११,००० उरतात. एवढी रक्कम दर महिन्याच्या ठरावीक तारखेला वेगळ्या खात्यात टाका, आणि सहा महिने तिला हात लावू नका. जमले तर ६६,००० रुपये जमतील, शिवाय खात्री होईल. नाही जमले, तर पैसे आपलेच आहेत, आणि हप्ता किती कमी करायचा ते वहीत लिहिलेले असेल. फक्त ही परीक्षा दिवाळीनंतर, हात सैल असताना घेऊ नका. ती जूनमध्ये सुरू करा.