कंसातलं नाव

संगणकातल्या चुकीला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, का म्हणतात याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या अवाढव्य यंत्रात एक पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीनं नोंदवहीत डकवून ठेवला गेला. शब्द त्याआधीही वापरात होता, पण पतंग खरा. वेल्ह्याकडे जूनच्या रात्री दिव्याखाली लॅपटॉप उघडला की पडद्यावर असे शेकडो पतंग यायचे. मी ज्या किड्यासाठी जागत होतो तो मात्र त्यांच्यातला नव्हता.

मी राहणारा भोरचा. २०१७ साली वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या बाजूच्या एका सजावर तलाठी होतो. (तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. माझ्या तोंडी अजून वेल्हेच येतं.) गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं ओळखतील.

त्या वर्षी राज्यभर सातबारा तपासण्याचं काम चाललं होतं. अडीच कोटींच्या आसपास सातबारे. हस्तलिखित आणि संगणकातला उतारा तंतोतंत जुळला पाहिजे, तरच पुढं त्यावर डिजिटल सही होणार. गावोगाव चावडी वाचन झालं. जे उतारे जुळत नसत त्यांचे अहवाल निघत. त्यातला पहिला नेहमीचाच : गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ नाही. वरून एकच निरोप, अहवाल निरंक करा.

दिवसा सगळ्यांची गर्दी, त्यामुळे पान उघडायला पाच-पाच मिनिटं लागत. रात्री दहानंतर काम सरकायचं. घरून फोन यायचा, ‘‘आज तरी येताय ना?’’ पावसात नसरापूरवरून मोटारसायकलनं भोर गाठण्यापेक्षा कार्यालयातच सतरंजी अंथरणं बरं वाटे.

माझ्या सजातले बाकीचे गट मार्गी लागले. एक राहिला. क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, खातेदार नऊ. मी कागदावर बेरीज करायचो ती १.६२ यायची. यंत्र म्हणायचं १.७३. अकरा आर जास्त.

आणि नऊ जणांत बरोबर अकरा आर एकाच नावावर होते. ते नाव एका म्हातारीचं. नवरा वारल्यावर वारसनोंदीनं आलेलं. मूलबाळ नाही. अकरा आर म्हणजे अकरा गुंठ्यांच्या जवळपास, उतारावरची भाताची दोन-तीन खाचरं. एका जाणत्या सहकाऱ्यानं सल्ला दिला, ‘‘अरे, तेच नाव जादा पडलंय. कमी करायचा प्रस्ताव टाक, अहवाल लगेच निरंक होतो.’’ हिशेब सरळ होता. भाऊबंदांपैकी दोघं कार्यालयात येऊन तेच सुचवून गेले. त्यांचा हिशेब वेगळा असावा.

मी फेरफाराची नोंदवही काढली. वारसनोंद मंजूर, सही-शिक्का जागच्या जागी. म्हणजे म्हातारीचं नाव बरोबरच होतं. मग अकरा आर आले कुठून? तीन रात्री मी तीच नऊ नावं खालून वर, वरून खाली मांडली. अहवालाची तारीख जवळ येत होती. खोटं कशाला बोलू, तिसऱ्या रात्री तो प्रस्ताव लिहायला कागद पुढं ओढलाही होता.

तेवढ्यात कोतवाल मामा चहा घेऊन आले. डोळे चुरचुरत होते म्हणून मी त्यांना म्हटलं, ‘‘मामा, तुम्ही वाचा, मी आकडे मारतो.’’ मामा चावडीत वाचल्यासारखे खणखणीत वाचू लागले. बेरीज १.७३ आली. मी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा १.७३. नावं मोजली तर दहा.

दहावं नाव म्हातारीच्या नवऱ्याचं.

कागदावर खातेदार गेला की त्याच्या नावाला कंस करायची आपली जुनी पद्धत. तलाठ्याचा डोळा कंसातल्या नावावर थांबतच नाही. मामांनी कंस वाचला नाही, तोंडानं वाचणार तरी कसा? यंत्रालाही तो दिसत नव्हता. नाव कमी झाल्याची खूण संगणकात वेगळी करावी लागते. इथं कुणीतरी नावाच्या आगेमागे नुसती कंसाची चिन्हं टाइप केली होती. पडद्यावर इतर कंसांसारखाच कंस, पण यंत्राच्या लेखी तो माणूस जिवंत आणि अकरा आरचा धनी. नवरा-बायको दोघंही एकाच जमिनीवर मोजले जात होते.

ते कुणी टाइप केलं असेल, हे मला सहकाऱ्यांनी नंतर विचारलं. काही वर्षांपूर्वी याच सजावर असताना त्या गावची माहिती मीच शेजारी बसून भरून घेतली होती.

चूक सापडली म्हणून रात्रीत मिटत नाही. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली प्रस्ताव, मग तहसीलदारांचा आदेश, मग दुरुस्ती. लावणी उरकली तेव्हा कुठं अहवालातून तो गट गेला. डिजिटल सहीचा सातबारा लोकांना १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्यानंतर म्हातारी उतारा न्यायला आली.

तिला वाचता येत नव्हतं. ‘‘भाऊसाहेब, माझं नाव कुठंय?’’ मी बोट ठेवून दाखवलं. मग तिनं विचारलं, ‘‘आन् यांचं?’’ तेही दाखवलं. ती कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. ‘‘ह्या नावाला दोन्ही अंगानं कुंपण कशाला घातलंय?’’

‘‘आजी, ते गेले ना, म्हणून.’’

‘‘ते ठावं हाय मला,’’ म्हणाली, आणि कागदाची घडी घालून कनवटीला लावली.