पिल्लू घरीं येण्यापूर्वीं

मुलें हट्ट धरतात, पिल्लू घरीं येतें, आणि मग धांवपळ सुरू होते. वस्तुतः तयारी आधीं असावी.

सह्याद्रीच्या पायथ्याचें फोंडाघाट घ्या. घाट चढून गेल्यावर दाजीपूरचें अरण्य. अशा गांवीं कुत्रें हें घराचें राखणदार, तसेंच बिबट्याचें भक्ष्यहि. पडवींत बांधलेलें पिल्लू त्याच्या आयतेंच तावडींत सापडतें. म्हणून रात्रीं त्यास दाराआड निजवावें. विहिरीस कठडा नसेल तर कुंपण घालावें. चिऱ्यांच्या गडग्यालगतचा पाचोळा हलवावा. तेथें फुरसें दडतें. अंगणांतील कण्हेर विषारी; तिचीं पानें चघळूं देऊं नयेत. शहरांतील बिऱ्हाडांत विजेच्या लोंबत्या तारा, चॉकलेट, मनुका व कांदा यांपासून त्यास जपावें.

८ आठवड्यांचें होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडूं नये. डिस्टेंपर व पार्व्हो यांवरील लसी १६ आठवड्यांपर्यंत वेळापत्रकानें पुऱ्या कराव्यात. तोंवर अनोळखी कुत्र्यांत त्यास सोडूं नये. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस टोंचावी.

१८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास रेबीजवरील लस दिली व तो वांचला. परंतु लक्षणें दिसूं लागल्यावर आजहि बहुधा इलाज चालत नाहीं. म्हणून दांताचा लहानसा ओरखडाहि साबणपाण्यानें पंधरा मिनिटें धुवावा आणि तत्काळ दवाखाना गांठावा.

जें पुढें घर राखणार, त्यास प्रथम घरानें राखावें.