'नेट गेले' म्हणजे नेमके काय गेले?
(नवी पेठ, सोलापूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर भरावा लागतो. सीईटीचा अर्जही ऑनलाइनच. नेमक्या शेवटच्या तारखेला घरातून ओरड होते, "नेट गेले!" वडील मुलावर चिडतात, मुलगा संगणकावर. परंतु 'नेट गेले' ही तक्रार झाली, निदान नव्हे. नाडी न पाहता औषध देणाऱ्या हकिमाकडे आपण जात नाही. मग येथेच घाई का?

संगणकापासून इंटरनेटपर्यंत दोन टप्पे आहेत. पहिला, संगणक ते घरातील राउटर; हा बिनतारी, म्हणजेच वाय-फायचा. दुसरा, राउटरपासून पुढे कंपनीच्या लाइनचा. कोणता टप्पा तुटला, हे प्रथम ठरवा. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडा. तोही चालत नसेल, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. फायबरच्या राउटरवर 'एलओएस'चा लाल दिवा दिसला, तर बाहेरून संकेतच येत नाही. केबल नीट बसली आहे ना, एवढे पाहून कंपनीला कळवावे.

मोबाइल चालतो आणि संगणक नाही, तर संगणक तपासावा. 'एअरप्लेन मोड' सुरू नाही ना, पाहावे. जोडणी काढून टाकून पासवर्ड पुन्हा घालावा. त्यात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही; राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. मात्र टाचणीने दाबायचे 'रीसेट' दाबू नये. त्याने सर्व मांडणी पुसली जाते. संगणकाची तारीख चुकलेली असली, तरीही अनेक संकेतस्थळे उघडत नाहीत.

जोडणी आहे, पण वेग नाही, असेही होते. आपल्या नवी पेठेसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वाय-फाय एकमेकांत मिसळतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर न चढणारे आहेत. ५ गिगाहर्ट्झला वेग अधिक, पण जाड भिंतीपलीकडे ते लवकर क्षीण होते. म्हणून राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.

मित्रहो, यासाठी पदवी लागत नाही, क्रमाने विचार करण्याची सवय लागते. ही सवय मुलांइतकीच मुलींनाही लावा. अर्ज भरण्यासाठी तिला दुसऱ्याच्या दुकानात रांग लावावी लागू नये. आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. दुरुस्तीला वेळ हाताशी असला, तर एका तारेपायी मुलाचे वर्ष अडणार नाही.