दाभोळचे ताट आणि दाभोळचे शेत



भूमध्य समुद्रात क्रीट नावाचे एक डोंगराळ बेट आहे. जवाची भाकरी, ऑलिव्हचे तेल, कडधान्य आणि रानातला पाला हे तेथील कुणब्यांचे परंपरेचे अन्न. 1958 साली सुरू झालेल्या सात देशांच्या आरोग्यपाहणीत या गरीब माणसांत हृदयविकार फार थोडा आढळला आणि जगाचे लक्ष त्यांच्या ताटाकडे गेले. पुढे 2010 साली युनेस्कोने भूमध्यसागरी आहाराला मानवाच्या वारशात स्थान दिले. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही नोंद केवळ पदार्थांची नाही. पेरणी, कापणी, मासेमारी, साठवण आणि एकत्र बसून जेवणे, या सर्वांची मिळून ती आहे.

हे वाचले आणि आम्हांस दाभोळ आठवले.

वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर पंधराव्या शतकात इतके गजबजलेले होते की, निकितिन नावाच्या रशियन प्रवाशाने येथे उतरणाऱ्या अरबी घोड्यांची नोंद करून ठेवली. 1508 साली पोर्तुगीजांनी ते जाळले. बंदराचे वैभव असे येते आणि जाते. त्याच्या मागच्या डोंगरउतारावरची शेती मात्र शतकानुशतके टिकली. ती कशाने टिकली, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

मळ्याच्या सखल जमिनीत भात, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी. वरकसात एके वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक किंवा तीळ, आणि त्यानंतर काही वर्षे जमिनीला विसावा. भात कापले की उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि वाल. त्यांना पाटाचे पाणी नको, दव पुरते. रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजायचा. त्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. खाडीच्या काठी बांध घालून खाऱ्या पाण्याला अडवायचे, म्हणजे पावसाळ्यात मीठ धुऊन जाते आणि तेथेही भात पिकते.

ताट याच शेतातून आले. सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, जोडीला आमसुलाचे सार नाहीतर सुकटीची चटणी. पावसाळ्यात होडी समुद्रात जात नाही, म्हणून वैशाखातच सुके मासे, आंबोशी आणि आठळ्या यांची बेगमी करायची. दसऱ्याच्या सुमारास भात, नाचणी आणि वरी यांच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला 'नवे' लावायचे. धान्य तोंडात घालण्यापूर्वी ते देवाला आणि दाराला दाखवायचे, हा त्यातला भाव.

यात एकट्याने होण्यासारखे काय आहे? लावणीला एका घराची माणसे पुरत नाहीत, म्हणून आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. खाडीचा बांध एके ठिकाणी फुटला तर खारे पाणी सर्वांच्याच भातात शिरते. म्हणून बांध राखणे हे कोणा एकाचे काम नव्हते. 1948 साली मुंबई राज्याला खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, तो याच कारणासाठी.

आज माणसे मुंबईस गेली. आम्ही त्यांना दोष देत नाही. पेजेने पोट भरले तरी मुलांच्या शाळेचा खर्च भागत नाही. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागा झाल्या, वरकसात आंबा आणि काजू उभे राहिले, आणि त्यांनी कित्येक घरांना हात दिला, हेही खरे. पण नाचणी सुटली. आता पुन्हा का लावत नाही, असे वयस्क बायांना विचारले तर उत्तर येते, "लावू हो, पण राखणार कोण?" सारा डोंगर पिकत असे तेव्हा राखणही वाटली जाई. आज चहूकडे पडीक रान आणि मध्ये एकच शेत असले, तर डुकरे आणि वानरे नेमकी तेथेच उतरतात.

2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जगाने साजरे केले. शहरात नाचणीची बिस्किटे चांदीसारख्या चकचकीत पुड्यांत मिळू लागली. मिळोत बापडी! परंतु पुडीतली नाचणी खाल्ल्याने दाभोळचा उतार पिकत नाही. पदार्थ दुकानातून आणता येतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात उतरण्याची रीत दुकानात मिळत नाही.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. शिमग्याला पालखी दारी येते आणि गणपतीला घर उघडते, तेव्हा मुंबईकर गावी असतोच. त्या बैठकीत मानपानाबरोबर एवढेही ठरावे, की यंदा एक सलग उतार चार घरांनी मिळून लावायचा आणि मिळून राखायचा. क्रीटच्या ताटाचे कौतुक जगाने केले. दाभोळच्या ताटाचे कोणी केले नाही तरी चालेल. दाराला बांधायची लोंबी मात्र बाजारातून आणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.