मूळ संख्या आणि पैशांचं कुलूप

समजा, आपल्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात तुम्ही डब्या मांडताय. 12 डब्यांच्या 3-3 च्या चार ओळी होतात. 13 झाल्या की 2-2, 3-3 अशा कशाही सारख्या ओळी करा, काही ना काही उरतंच. कारण 13 ही मूळ संख्या. 1 आणि स्वतःशिवाय तिला कुणाचाच भाग जात नाही.

मूळ संख्या कधी संपत नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये तोवरची सर्वांत मोठी सापडली. 2 हा आकडा 13,62,79,841 वेळा घेऊन गुणायचा आणि त्यातून 1 वजा करायचा. तिच्यात 4,10,24,320 अंक आहेत!

आपल्याला त्याचं काय? 7 गुणिले 13 म्हणजे 91, हे सोपं. पण 91 कुणाकुणाचा गुणाकार, हे शोधावं लागतं. शेकडो अंकांच्या दोन मूळ संख्या गुणल्या, तर त्या शोधताना मोठे संगणकही थकतात. ऑनलाइन व्यवहारांतली बरीच कुलपं अशीच बनतात.

हे कुलूप चोराला फुटत नाही, म्हणून तो फोन करून किल्लीच मागतो. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्याजणींना नक्की सांगा.